मागच्या दारची साखर

"कुणाशी ठरलं?" गोदाकाकूंनी विचारलं.

मी त्यांच्या मागच्या दारात उभा होतो. हातात स्टीलची वाटी, वाटीत साखर. खांद्याच्या पिशवीत आणखी आठ वाट्या आणि साखरेचा डबा.

"काय कुणाशी?"

"आवं, साखर घिऊन आलाय न्हवं? मग ठरलंच म्हणायचं. बाई कुठली?"

"काकू, मी वाटी परत द्यायला आलोय."

"ते दिसतंय मला. डोळ्याचं आप्रेशन झालंय, आंधळी न्हाई झाले." त्यांनी वाटी घेतली, साखरेत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मग गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मंदे! वामनरावांनी साखर आणली गं!"

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी बासष्टचा होतो आणि माझी बायको रतन जाऊन तीन महिने झाले होते. माघात तिला ताप आला, तो छातीत उतरला आणि सोळा दिवसांत ती गेली. त्या सोळा दिवसांत आजूबाजूच्या घरांतून तिच्यासाठी पेज यायची, मुगाचं कढण यायचं. वाट्या तशाच राहिल्या. ओट्यावरच्या फळीवर नऊ वाट्या. रोज चहा करताना त्या समोर दिसायच्या. तीन महिने मी चहा करत होतो आणि वाट्या बघत होतो.

वाटी रिकामी परत द्यायची नसते एवढं मला ठाऊक होतं. तीत काय घालायचं ते ठाऊक नव्हतं. ते खातं रतनकडे होतं. घरात न शिजवता देण्यासारखी साखर होती, म्हणून साखर. साखर कधी वाटतात हे त्या वेळी डोक्यात आलंच नाही.

आधी मी पुढच्या दारांनी जाऊन बघितलं होतं. आमची अनुपम कॉलनी बार्शीत, परांडा रस्त्याच्या बाजूला. घरांच्या दोन ओळी, अकरा-अकराच्या, पाठीला पाठ करून. दोन्ही ओळींच्या पुढे रस्ते, फाटकं, नावाच्या पाट्या. मध्ये, सगळ्यांच्या मागे, दहा फुटांची गल्ली. गटाराची लाइन जावी आणि सफाईवाल्याला येता-जाता यावं म्हणून ठेवलेली. मी नगररचनेच्या ऑफिसात ट्रेसर होतो, म्हणजे साहेबांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं गिरवायचं काम. आमच्या कॉलनीचा नकाशा मीच गिरवला होता. त्या गल्लीच्या दोन समांतर रेघा माझ्या हातच्या. पण तिथं राहायला आल्यापासून सव्वीस वर्षांत मी गल्लीत पाच-सहा वेळा गेलो असेन, तेही गटार तुंबल्यावर.

तर वाट्यांवर नावं घातलेली होती. म्हटलं, सोपं आहे, नाव बघून द्यायच्या. पहिलीवर लिहिलं होतं, 'चि. सौ. कां. पुष्पा हिच्या विवाहाप्रीत्यर्थ, भोसरे परिवार.' कॉलनीत भोसरे कुणी नाही. मी आमच्या ओळीतल्या आवारे सरांकडे गेलो. ते निवृत्त मुख्याध्यापक आणि सोसायटीचे चेअरमन. सर पोर्चमधल्या झोपाळ्यावर बसले होते. चष्मा लावून त्यांनी वाटी उत्तरपत्रिकेसारखी तपासली.

"पुष्पा आमच्याकडे नाही," ते म्हणाले. "मागच्या ओळीत विचारा. आणि वामनराव, रविवार लक्षात आहे ना? शाळेच्या मैदानावरची फक्की शिल्लक होती, पोतं आणवून ठेवलंय. सकाळी रेघ मारली की सोमवारी अर्ज."

रविवारची गोष्ट अशी होती. सोसायटीनं ठराव केला होता की गल्ली वाटून घ्यायची. या ओळीला पाच फूट, त्या ओळीला पाच फूट, मध्ये भिंत. नगरपालिकेला अर्ज करून नकाशा दुरुस्त करून घ्यायचा. मोजून चुन्याच्या फक्कीनं मधली रेघ मारायचं काम माझ्याकडे होतं. कॉलनीत टेप धरता येणारा मी एकटाच.

दुसरी वाटी 'कै. दगडू तुपे यांच्या स्मरणार्थ' होती. ती कुणाच्याही पुढच्या दाराशी घेऊन जायची मला हिंमत झाली नाही. तिसरीवर फक्त 'नाना' होतं. मग पिशवी उचलली आणि रतन गेल्यापासून लावलेली मागच्या दाराची कडी काढली.

समोर गोदाकाकू बुरगुटेंचं दार. पुढचं सांगितलंच.

मंदावहिनी, म्हणजे आवारे सरांची बायको, दोन दारं सोडून होत्या. हात पुसत आल्या. "खरंच की काय भाऊजी?"

"नाही हो वहिनी. वाट्या रिकाम्या कशा द्यायच्या म्हणून..."

"पांगरीची असंल," गोदाकाकू म्हणाल्या. "ती रिटायर नर्स न्हाई का, यांच्या भाच्याच्या लग्नात हिकडं-तिकडं करत हुती. उंच."

"मी कुठल्या नर्सला ओळखत नाही!"

"आता ओळख व्हईल की."

तोवर शेखांच्या नजमाभाभी कुरडयांचं कापड तसंच सोडून आल्या. त्यांच्या शेजारची तुप्यांची सून आली. 'कै. दगडू' तिच्या सासऱ्यांचे वडील निघाले. 'नाना' वाटी नजमाभाभींची होती, ती त्यांना मोडीच्या बदल्यात मिळालेली. नाना कोण हे त्यांनाही माहीत नव्हतं. आणि पुष्पाची वाटी पिशवीतून निघाली तशी मंदावहिनींनी झडप घातली.

"अहो, ही माझी! पुष्पा माझी आत्तेबहीण. तिच्या लग्नात मिळाली."

"पण सर म्हणाले तुमची नाही."

मंदावहिनींनी वाटी माझ्या नाकासमोर धरली. "तीस वर्षं याच वाटीत आमटी ओरपतायत ते."

बायका इतक्या हसल्या की तुप्यांच्या सुनेला भिंत धरावी लागली. मलाही हसू आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा, आणि आल्यावर जरा चोरट्यासारखं वाटलं.

दुपारचे तीन झाले असतील. वैशाख होता. पुढच्या रस्त्यावर त्या वेळी कुत्रंसुद्धा नसतं. इथं घरांच्या मागच्या भिंतींची सावली पडलेली, वारा एका टोकातून शिरून दुसऱ्या टोकाला जात होता. एक बाज टाकलेली, धुण्याचे दगड, कुरडया. मंदावहिनींनी बोलता बोलता कमरेच्या पिशवीतून औषधाची बाटली काढली, गोदाकाकूंची मान मागं केली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. रोजचं असावं.

"दिवसातून चार वेळा घालायचेत," मंदावहिनी म्हणाल्या. "काकू एकट्या. मी चार पावलं टाकली की इथं."

माझ्या डोक्यात आपोआप हिशोब सुरू झाला, नोकरीची सवय. मागून चार पावलं. पुढून यायचं तर पाच घरं टोकापर्यंत, वळसा, पलीकडच्या रस्त्यानं पाच घरं परत. उन्हात. दिवसातून चार वेळा, जाऊन-येऊन. आणि फाटकं, पायऱ्या, बेल वाजवणं. चार पावलांना कुणी बेल वाजवत नाही.

"साखर कोण देतं, वामनराव?" गोदाकाकू डोळे मिटूनच म्हणाल्या. "चार शेंगा टाकायच्या. चिमूटभर डाळ टाकायची. रतन तर एकदा वाटीत कडीपत्त्याची डहाळी टाकून आली हुती. म्हणली, रिकामी न्हाई ना?"

"मला काय ठाऊक?"

"तुमी पुढच्या दारचं. तुमाला कसं ठाऊक आसंल."

आणि मग मी चूक केली. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "रविवारी सकाळी जरा कुरडया उचलून ठेवा. रेघ मारायची आहे."

ठराव झालाय हे बायकांना माहीत होतं. रविवारीच, आणि माझ्या हातानं, हे माहीत नव्हतं. मंदावहिनींनी बाटलीचं टोपण लावलं. त्यांनाही सरांनी सांगितलं नव्हतं.

गोदाकाकूंनी डोळे उघडले. औषधाचं पाणी गालावर आलेलं. त्यांनी वाटीतली साखर पुन्हा बघितली.

"असं व्हय," त्या म्हणाल्या. "मंग ही निरोपाची साखर म्हणायची."

वाटी घेऊन त्या आत गेल्या आणि दार लावलं.

संध्याकाळपर्यंत माझं लग्न पुढच्या रस्त्यावर पोचलं. आवारे सर मुद्दाम फाटकाशी आले.

"अभिनंदन," ते हळू आवाजात म्हणाले. "योग्य निर्णय. या वयात सोबत हवीच."

"सर, तसं काही नाही."

"लाजायचं कारण नाही. आणि आता तुम्हाला ते पाच फूट लागणारच. नवीन माणूस आलं की आधी स्वयंपाकघर बघतं."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. चांगल्या मनानं मारली, हे मला आजही कबूल आहे. पण ती मला लागली. मी घरात आलो, रतनच्या ओट्यापाशी उभा राहिलो आणि बराच वेळ उगाच नळ चालू-बंद केला. मग माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली.

ट्रंकेत कॉलनीच्या मंजूर नकाशाची प्रत होती. निवृत्त होताना आठवण म्हणून जुन्या प्रती साहेबांनी दिल्या होत्या. घडीवर फाटलेली, पण माप वाचता येत होतं. गल्ली दहा फूट. बरोबर. पुढचे रस्ते, दोन्हीकडचे, तीस-तीस फूट.

तीस? मी चष्मा पुसला. मग टेप घेऊन पुढं गेलो आणि रस्ता मोजला. सव्वीस भरला. आमच्या बाजूनं चार फूट कुणी खाल्ले हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. सव्वीस वर्षांत एकेकानं एकेक पायरी पुढं टाकली होती. पायरीवर ओटा आला, ओट्यावर जाळी आली, जाळीपुढं गाडी आली.

शनिवारी दुपारी मी मागचं दार उघडून गोदाकाकूंची कडी वाजवली.

"आता काय आणलं? गूळ?" आतून आवाज आला.

"काकू, तुम्हाला टेपचं टोक धरता येईल का?"

दार उघडलं. "कशाला?"

मी सांगितलं. पूर्ण सांगून व्हायच्या आतच त्यांच्या तोंडावर जे खट्याळ हसू आलं ते बघून मला वाटलं, ही बाई सात वर्षांची असताना हिच्या आईचं काय झालं असेल.

"पाटं किती वाजता?" एवढंच त्यांनी विचारलं.

रविवारी पाचला आम्ही दोघं पुढच्या रस्त्यावर होतो. पंचाहत्तर वर्षांची म्हातारी, डोळ्याला काळा चष्मा, अंगावर शाल, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात टेपचं टोक. मी पलीकडच्या गटाराच्या कडेपासून तीस फूट मोजायचो आणि खूण करायचो. काकू काठी रोवून उभ्या राहायच्या.

"हाललं का टोक?"

"मी हालंन, टोक हालायचं न्हाई. मारा."

मी डब्यातून फक्की सोडत गेलो. पांढरी, सरळ रेघ. हात अजून थरथरत नव्हता. तुप्यांची मोटरसायकल मधोमध. शेखांची दुसरी पायरी. आवारे सरांच्या पोर्चला फाटक नव्हतं, जाळी होती आणि ती उघडी होती. आम्ही आत शिरलो. रेघ फरशीवर चढवली आणि झोपाळ्याखालून नेली. काकूंना इतकं हसू आलं की त्यांनी शालीचा बोळा तोंडात कोंबला.

मग माझं घर आलं. मी थांबलो. पुढच्या ओट्यावर मी सिमेंटचं बाकडं बांधून घेतलं होतं, संध्याकाळी एकट्यानं पेपर वाचायला. नकाशाप्रमाणे ते सगळंच रस्त्यावर होतं.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. "आपलं आलं व्हय?"

मी रेघ बाकड्याच्या मागून नेली.

साडेसहाला पहिली बोंब झाली. सात वाजता आमच्या ओळीतले सगळे पुरुष रस्त्यावर होते. कुणी बनियनवर, कुणाच्या तोंडात दातवण. रेघ उन्हात लखलखत होती. आवारे सर आपल्या झोपाळ्यापाशी उभे होते आणि झोपाळा हातानं मागंपुढं करून बघत होते.

"वामनराव! हा काय प्रकार आहे?"

"मोजणी, सर."

"मोजणी गल्लीची होती!"

"गल्लीचीच करतोय. अर्ज दिला की पालिका मोजणीदार पाठवणार. तो गल्ली मोजायला गल्लीत जाणार नाही. तो रस्त्यापासून टेप धरणार. तसा नियम आहे. तो येण्याआधी आपलं आपण बघून घेतलेलं बरं."

"म्हणजे हा झोपाळा...?"

"मागं जातो तेव्हा तुमचा. पुढं येतो तेव्हा पालिकेचा."

कुणीतरी हसलं. मंदावहिनी असाव्यात, कारण आवाज जाळीच्या आतून आला.

"माझी गाडी?" तुपे म्हणाले.

"पुढचं चाक रस्त्यावर. मागचं घरात."

"आणि तुझं बाकडं?"

"ते तर पूर्ण गेलं."

सरांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला, पण मुख्याध्यापकाचा आवाज खाली आणला तरी शेवटच्या बाकापर्यंत जातो. सगळ्यांनी ऐकलं.

"वामनराव, ही गल्ली वाटून घ्यायची कल्पना मूळ कुणाची? पाच वर्षांपूर्वीच्या सभेत कोण उठून म्हणालं होतं, ही जागा वाया जाते, मीच आखली, मला माहीत आहे? इतिवृत्तात तुमचं नाव आहे!"

"आहे," मी म्हणालो.

"मग आता काय बदललं?"

त्यांना खरं सांगण्यासारखं ते ठिकाण नव्हतं. खरं असं होतं की त्या सभेवरून घरी आल्यावर मी रतनला मोठ्या खुशीत सांगितलं होतं, आता तुझा ओटा पाच फूट मोठा होईल. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता विचारलं होतं, "ओटा मोठा होईल हो. पण वाटी कुठून देऊ?" मला तो विनोद वाटला होता. मी तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितला होता. सगळे हसले होते.

"सर," मी म्हणालो, "तेव्हा मी नकाशा बघून बोललो होतो. गल्ली बघितली नव्हती."

सरांना ते कळलं की नाही, ठाऊक नाही. ते झोपाळ्याकडे बघत होते. जाळीतून मंदावहिनी बाहेर आल्या. त्यांच्या हातात पुष्पाची वाटी होती.

"तुमचा अर्ज-बिर्ज काय ते ठरवा," त्या म्हणाल्या, "पण मला गोदाकाकूंकडे जायचंय थेंब घालायला. भिंत झाली की रोज पुढून जाईन. चार वेळा. घरी येईपर्यंत तुमचा चहा तुम्ही करा."

सरांनी एकदा वाटीकडे बघितलं आणि एकदा रेघेकडे.

"ठराव," ते शेवटी खाकरून म्हणाले, "पुढील सभेपर्यंत तहकूब करण्यात येत आहे."

"अनुमोदन," तुपे लगेच म्हणाले.

"आणि वामनराव, ही रेघ ताबडतोब पुसा."

पुसायला मी एकटा नव्हतो. सगळ्यांनी नळ्या काढल्या. इतक्या उत्साहानं रस्ता धुतलेला मी कॉलनीत त्याआधी कधी पाहिला नव्हता. तरी फक्कीच ती, आठवडाभर फरशीवर अंधूक दिसत राहिली. पुढची सभा त्यानंतर बऱ्याचदा झाली. तो विषय कुणी काढला नाही.

त्या संध्याकाळी माझ्या मागच्या दाराची कडी वाजली. मी उघडलं. गोदाकाकू उभ्या होत्या. हातात वाटी. माझ्या घरची. आतल्या कडेला 'रतन' असं घातलेलं, तिच्या माहेरच्यांनी दिलेल्या सहातली एक.

"ही तुमची," त्या म्हणाल्या. "संक्रांतीला तिनं तिळाची चटणी दिली हुती हीत. मला परत द्यायची हुती. दोनदा कडी वाजवली. तुमी उघडली न्हाई."

ते खरं होतं. त्या दिवसांत मागून कुणी वाजवलं की मला वाटायचं, रतनला बोलवायला आलंय कुणी.

वाटीत साखर होती.

"ही कशाची?" मी विचारलं.

"तुमचीच. आता निरोप न्हाई म्हणल्यावर परत आणली." त्या वळल्या, आणि वळता वळता म्हणाल्या, "वाटी रिकामी पाठवू नका. आन् परत साखर न्हाई चालायची. मी पांगरीला निरोप धाडीन त्या नर्सला."

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा पिठलं केलं. गाठी झाल्या. त्या चमच्यानं फोडल्या, तर त्यांच्या लहान गाठी झाल्या. रतनच्या वाटीत घातलं, गल्लीत उतरलो, चार पावलं गेलो.

काकूंनी दारातच बोटानं चाखलं. बराच वेळ जीभ फिरवली.

"रतनसारखं न्हाई."

"नाही."

"मीठ बी न्हाई."

"राहिलं."

"हं," त्या म्हणाल्या. मी वाटी घ्यायला हात पुढं केला.

पण वाटी त्यांनी दिली नाही. "आत्ता रिकामी कशी दिऊ?" म्हणाल्या, आणि ती घेऊन आत गेल्या. या वेळी दार लावलं नाही.